आर्विदच्या पावाचा उंदीर

तुर्कू, २ ऑक्टोबर १९६१

ती. हिल्जाताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. लोकरीचे मोजे, सुकवलेले मासे, रानबेरींचा मुरंबा, सगळं नीट आलं. पाव तेवढा सापडला नाही. टपालातल्या लोकांनी खाल्ला असेल, असं समजून मी त्यांना माफ केलं आहे.

खोली छान आहे. घरमालकीण लाइनेबाई विधवा आहेत आणि स्वच्छतेच्या इतक्या कडक, की त्यांच्या जिन्यावर पाय ठेवायचीही भीती वाटते. वरच्या मजल्यावर दोन शिक्षिका बहिणी राहतात. माझ्या खोलीत आर्विद नावाचा मुलगा आहे. बेटावरचा, बोटींच्या इंजिनांचं शिकतो. ताडमाड उंच. बोलतो अगदी मोजकं, आणि तेही बहुतेक वाऱ्याबद्दल.

त्याची आई बोटीवाल्याबरोबर त्याला पाव पाठवते. काळा, गोडसर, फडक्यात गुंडाळलेला. आमच्या खिडकीखालच्या थंड कपाटात माझ्या माशांशेजारीच तो असतो. परवा आर्विद वर्गाला गेला होता. मी एक काप कापला. ताई, आईच्या पावासारखा तो मुळीच नाही. आईचा आंबट, हा गोड. पण कोणाच्या तरी आईने केलाय, हे पहिल्याच घासाला कळतं. मग मी उभ्या उभ्या दुसराही कापला. आता रोजचंच झालंय. कापलेली बाजू भिंतीकडे करून ठेवतो.

ती. बाबांना नमस्कार सांग. माझ्यावरची माया उन्हाळ्यात होती तेवढीच हिवाळ्यातही राहू दे.

तुझा,
ओइवा

---

कुह्मो, ११ ऑक्टोबर १९६१

चि. ओइवास अनेक आशीर्वाद.

शिक्षक व्हायला गेलास ना रे तू? मग पोरांना काय शिकवणार, कापलेली बाजू भिंतीकडे करायला? मागून खायला तोंड दुखतं का तुझं? त्या मुलाची आई कुठल्या बेटावर बसून पीठ मळते, आणि आमचा घोडा इकडे चरतो!

बटाटे निघाले. बाबांची पाठ धरली आहे, पण सांगायची सोय नाही. काही विचारलं की पाठीवर पोतं घेऊन दाखवतात. शेजारच्या आइलीची गाय व्याली, तिने खरवसाचं भाजलेलं चीज आणून दिलं. तुझी आठवण काढून मी तुझा वाटाही खाल्ला.

टपालातल्या लोकांवर उगाच आळ घेऊ नकोस. मोजे पायात घाल, उशाला घेऊन झोपू नकोस.

आर्विदला आजच्या आज सांगून टाक. तब्येतीला जप, आणि रागावले तरी ही बहीण तुझीच आहे हे विसरू नकोस.

तुझी ताई,
हिल्जा

---

तुर्कू, २४ ऑक्टोबर १९६१

ती. हिल्जाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगणार होतो. पण आर्विदच आधी बोलला. कधी नव्हे ते एका दमात म्हणाला, की कपाटात उंदीर आहे, माझा पाव खातो, आणि मोठा आहे. मग म्हणाला, तू जंगलातला माणूस, सापळे लावायला तूच बरा. ताई, मी हो म्हणालो! माझ्यासाठी मीच सापळा लावला, त्यात चीजचा तुकडासुद्धा मीच अडकवला. रोज सकाळी तो माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो. तो म्हणायचा, हुशार आहे लेकाचा.

इथवर गंमत होती. पण उंदराची बातमी जिना चढून वर गेली. शिक्षिका बहिणींनी लाइनेबाईंना सांगितलं, की उंदराच्या घरात आम्ही राहणार नाही, दुसरी खोली बघतो. त्या दोघींच्या भाड्यावर बाईंचं घर चालतं. बाई स्वयंपाकघरात खाली बसून फरशीचा कोपरान् कोपरा घासत होत्या आणि रडत होत्या. म्हणत होत्या, की नवरा गेला, दात गेले, पण माझ्या घराला कोणी नावं ठेवली नव्हती.

दुपारी ठरवलं, की आर्विद आला की सांगायचं. आणि सांगायला धीर यावा म्हणून (हस तू) शेवटचा एक काप घ्यायला गेलो. फडक्यात हात घातला आणि खाड! आर्विदने सापळा कपाटाच्या कोपऱ्यातून उचलून थेट पावाच्या फडक्यात ठेवला होता. मी असा ओरडलो, की बाई धावत आल्या, बहिणी धावत आल्या, आणि दारात आर्विद. माझ्या बोटाला सापळा लटकतोय आणि दुसऱ्या हातात सुरी.

शेवटी मीच म्हणालो, की सापडला उंदीर. बाईंनी मला आधी एक चापट मारली, मग माझा गालगुच्चा घेतला, मग बोटाला थंड पाण्याची पट्टी बांधली. बहिणी हसत हसत वर गेल्या. त्या खोली सोडणार नाहीत. आर्विद मात्र हसला नाही. एवढंच म्हणाला, की आता आईला काय सांगू? मी तिला उंदराबद्दल लिहिलं होतं, तेव्हापासून ती मोठा पाव पाठवते. म्हणते, उंदरालाही पोट आहे.

शिक्षा अशी ठरली आहे, की चार नोव्हेंबरच्या शनिवारी मी बेटावर जाऊन तिला स्वतः सांगायचं. धाकटं भावंड म्हणून सगळं पोटात घाल.

तुझा,
ओइवा

---

कुह्मो, ३१ ऑक्टोबर १९६१

चि. ओइवास अनेक आशीर्वाद.

बोट कसं आहे? बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते उठले आणि गोठ्यात जाऊन हसले. मी खिडकीतून खांदे हलताना पाहिले.

आता एक सांगायचं राहिलंय. तू हसण्यावारी नेलंस म्हणून मीही नेलं. टपालात पाव कधी टाकलाच नव्हता. आई गेल्यापासून मी भट्टी पेटवलेली नाही. आपल्या घरी पाव दुकानाच्या गाडीवरून येतो, कागदात गुंडाळलेला. बाबा तो कॉफीत बुडवून मऊ करून खातात आणि चकार शब्द बोलत नाहीत. दोनदा पीठ भिजवलं मी. दोन्ही वेळा डुकरांना घातलं. त्या लांब लाकडी परातीवर आईच्या हाताच्या खुणा आहेत रे, लाकूड झिजलंय तिथे. माझे हात तिथे बसत नाहीत.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. बेटावर जाताना टोपी घाल, आणि त्या बाईंच्या पाया पड. एवढं माझं ऐक, बाकी मी तुझीच आहे.

तुझी ताई,
हिल्जा

---

तुर्कू, ६ नोव्हेंबर १९६१

ती. हिल्जाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊनच बेटावर गेलो. बोटीत मला उलट्या झाल्या, आर्विद पहिल्यांदा हसला.

धक्क्यावर त्याची आई, सीग्ने, उभी होती. ठेंगणी, बाह्या वर सारलेल्या. बेटावर वेगळी भाषा बोलतात; आर्विदकडून पाठ केलेली माफी मी तिच्या भाषेत म्हणायला लागलो, ती ऐकूनच घेईना. म्हणाली, की आले का उंदीरमामा, अगं बाई, केवढे वाळलेले! मग घरात नेऊन तिने माझ्यापुढे पीठ ठेवलं. खाल्लंस तेवढं मळ, म्हणाली. दुखरं बोट वर धरून मी मळत होतो आणि ती बाजूला बसून जाळी विणत होती. हात चालू होते म्हणून असेल, मी तिला सगळं सांगितलं. आईचं, तुझं, परातीचं. आर्विद मध्ये बसून एकेक वाक्य तिच्या भाषेत करून देत होता. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, की सासू गेली तेव्हा मीही वर्षभर तिच्या भट्टीकडे पाठ करून बसले होते. मग एकदा केला पाव. जळला. नवऱ्याने दार उघडून धूर घालवला आणि म्हणाला, की घराला पुन्हा घरासारखा वास यायला लागला. तुझ्या बहिणीला सांग, परातीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहा. परात लांब असते.

मी काहीच सुचवत नाही. सीग्नेबाईंनी सांगितलं तेवढं कळवतो. मी तुला कधीच विचारलं नाही, की पाव का येत नाही. ते विचारायला हवं होतं.

तुझा,
ओइवा

---

कुह्मो, १९ नोव्हेंबर १९६१

चि. ओइवास अनेक आशीर्वाद.

सोबत पाव पाठवते आहे. नाव नीट वाच, तो आर्विदचा आहे. तुला हवा असेल तर त्याच्याकडे माग.

पहिली खेप करपली. दुसरी आतून ओली राहिली. तिसऱ्या खेपेला मी परातीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. दुपारी बाबा अंगणातून आत आले आणि दारातच थांबले, बूटसुद्धा काढले नाहीत. मग टेबलाशी बसले. लोणी लावून एक काप खाल्ला, दुसरा खाल्ला. मी चुलीकडे तोंड करून उभी होते.

मग म्हणाले, की तिचा हात मिठाला सढळ होता. ओइवा, आई गेल्यापासून त्यांनी तिच्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मी विचारलं, पुढच्या खेपेला मीठ वाढवू का? नको म्हणाले. तुझा हात असाच राहू दे. आणि भट्टीसाठी लाकडं फोडायला पुन्हा अंगणात गेले.

जिथे असशील तिथे पोटभर जेव, आणि आम्हा दोघांना मनात ठेव.

तुझी ताई,
हिल्जा