दहा ओली नखं आणि एक जांभळा दिवा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घातलाय, पण पूर्ण लांबीचा समजावा.) तुमच्या गुडघ्याचं दुखणं आणि मामीचा माझ्यावरचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील असं धरून चालतो.

मी खुशाल आहे आणि नोकरीत आहे. (चष्मा पुसून पुन्हा वाचा, तेच लिहिलंय.) नखं रंगवायच्या दुकानात. रंगवतात मालकीणबाई, मी खुर्च्या पुसतो, बाटल्या लावतो आणि गिऱ्हाइकांचे दोन्ही हात अडकलेले असताना त्यांचे फोन त्यांच्या कानाला धरतो. (या कामात काय काय ऐकू येतं म्हणून सांगू! परवा एका बाईंच्या जाऊबाईंनी... जाऊ दे, ते भेटीत.) मुद्दा असा की मामा, ही नोकरी मला टिकवायचीय. बंदर, बेकरी, कुत्र्यांचं पाळणाघर, कधी मी सोडलं, कधी त्यांनी मला सोडलं, वाईट कुणालाच वाटलं नाही. इथे मात्र सकाळी शटर वर ढकलताना मला चक्क बरं वाटतं. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, शनिवारपर्यंत बघते आणि मग ठरवते. आणि नेमक्या शनिवारीच जादूगारीणबाई आल्या.

खरोखरीच्या जादूगारीणबाई. संध्याकाळी खेळ, तिकिटं संपलेली, आणि दहाही नखं चंदेरी हवीत. हा रंग वाऱ्यावर वाळत नाही. लावला की हात एका छोट्या पेटीत घालायचे, आतल्या जांभळट दिव्याखाली तो दगडासारखा घट्ट होतो. शेवटचा थर लागला, बाईंनी हात आत घातले आणि पेटी बंद पडली. (आदल्या दिवशी ती मी आतून ओल्या फडक्याने पुसली होती. चकचकीत दिसत होती, हे सगळ्यांनीच कबूल केलं.)

मी म्हटलं, उजेडच हवाय ना? शेजारी एक रंगारी भिंत रंगवत होता, त्याचा हॅलोजन उचलून आणला. असा उजेड पडला मामा, की बाईंच्या रंगवलेल्या भुवया वितळून गालांवर आल्या आणि मालकीणबाईंनी दुकानातल्या दुकानात गॉगल चढवला. नखं मात्र होती तशीच चिकट. बाईंनी सराव म्हणून पत्त्यातलं एक पान गायब करून पाहिलं. ते गायब व्हायचं सोडून अंगठ्यालाच लटकून बसलं. चौकटची राणी. उजव्या अंगठ्यावरून सोडवायला गेल्या तर डाव्याला चिकटली. मालकीणबाईंनी गॉगल काढून माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी बेकरीतही पाहिलं होतं, शेवटच्या दिवशी.

आणि तेव्हा मला तुमची दोरी आठवली. मला विज्ञानात पास करायचा तुम्ही चंग बांधला होतात तेव्हाची, कपडे वाळत घालायची. एक टोक खिडकीच्या गजाला बांधून तुम्ही ती हलवत होतात : लाट जितकी उंच तितका प्रकाश प्रखर, ती उंची म्हणजे आयाम, आणि दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर ती तरंगलांबी, तिच्यावर रंग ठरतो. तांबड्याची लांब, जांभळ्याची आखूड, त्याहून आखूड असली तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. (मी तेव्हा दोरीवरची मामीची चादर कधी पडते ते बघत होतो. पडली.) म्हणजे हॅलोजन लावून मी काय केलं? लाटा नुसत्या पुरुषभर उंच केल्या, लांबी चुकीचीच! पिवळा उजेड कितीही बोंबलला तरी जांभळ्याचं काम त्याला कसं जमणार? नखांना आखूड लाट हवी होती, मग ती मंद का असेना.

आता आखूड लाट मिळणार कुठे? समोरच्या औषधवाल्याकडे! त्याच्या गल्ल्याशेजारी नोटा खऱ्या की खोट्या ते बघायचा जांभळा दिवा आहे. बाईंना घेऊन मी धावलोच. हात पुढे पसरलेले, अंगठ्याला राणी. रस्त्यावरच्यांना वाटलं खेळ सुरू झाला, काही जण टाळ्या वाजवत मागोमाग आले. औषधवाला म्हणाला, "अहो, इथे नोटा तपासतात, बायका नाही." बाई म्हणाल्या, "तपासा की. खरीच निघेन," आणि राणी सोलून काढून दहा बोटं दिव्याखाली सरकवली. दिवा एवढासा, त्यामुळे वेळ लागला. लाट लांबीला बरोबर आहे पण बुटकी आहे, हे मी रांगेतल्या एका खोकणाऱ्या आजोबांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण ती जेवणाआधी घ्यायची की नंतर?" आणि मामा, नखं घट्ट झाली! बाईंनी तिथल्या तिथे राणी गायब केली. अख्खं दुकान ओरडलं, आजोबा खोकायचं विसरले.

शटर ओढताना मालकीणबाई म्हणाल्या, डोकं आहे रे तुला, बूड नाही. घरचं कुणी मोठं माणूस हमी देत असेल तर ठेवते.

मामीला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (अधूनमधून)
भाचा

ता. क. : मालकीणबाईंना मी तुमचा नंबर दिलाय. फोन आला की 'मुलगा एका जागी टिकणारा आहे' एवढंच म्हणा. खोटं बोलवत नसेल तर 'भाचा माझाच' म्हणा आणि खोकत राहा.

आणखी एक ता. क. : आईला नखांचं सांगू नका. प्रकाशाच्या खात्यात लागलाय म्हणा.

शेवटचा ता. क. : पाकिटावर लिहिलाय तो माझा कायमचा पत्ता. मामीच्या वहीत आजच उतरवून ठेवा. (पेन्सिलीने.)