सुट्टीचं इन्स्पेक्शन

३ मे

बॅगा भरून झाल्या. म्हणजे माझी झाली. हिच्या बॅगेत नुसते कपडे आणि मुलांची खेळणी. परक्या देशातल्या एवढ्या मोठ्या शहरात जायचं आणि एवढ्यावर भागवायचं? कमाल आहे. माझ्या बॅगेत जंतुनाशक, हातमोजे, घरच्या चादरी, उशांचे अभ्रे, अन्नात खुपसायचा थर्मामीटर आणि अंधारात डाग चमकवणारा निळा टॉर्च. कंपन्यांची कँटीनं तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. मला नुसतं दारात पाहिलं तरी आचारी हात मागे घेऊन नखं लपवतात.

टॉर्च हिला दिसला. घरी ठेव म्हणाली. मी नाही म्हणालो. मग तिने अगदी शांतपणे सांगितलं की मागच्या सुट्टीसारखं केलंस, तर पुढच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन माझ्या भावाबरोबर जाईन, तू घरी बस आणि काय तपासायचं ते तपास. थोरल्याने (वय सात) लगेच विचारलं, मामाबरोबर कधी जायचं? धाकटी (वय चार) तर नाचायलाच लागली.

हा मामा म्हणजे जमिनीवर पडलेलं बिस्किट फुंकर मारून खाणारा मनुष्य. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

संकल्प: या ट्रिपमध्ये तपासणी बंद. पूर्ण बंद. पोरांना कळलंच पाहिजे की मजा करायची तर बाबाबरोबर. टॉर्च फक्त इमर्जन्सीला.

डझनभर अंडी उकडून थंड डब्यात भरली. बाहेरचं खाणं आपल्याला सोसत नाही.

४ मे, विमानात

समोरचा ट्रे पुसला. ही तपासणी नव्हे, हे पुसणं. कापूस काळाकुट्ट! शी! शेजारच्या बाईंना दाखवला. त्यांचं खाणं चालू होतं, ते त्यांनी बंद केलं. आभार मानायची पद्धत मात्र लोकांत उरलेली नाही.

थोरल्याने खिडकीला जीभ लावली. का लावली म्हणून विचारलं, तर गार आहे का ते बघत होतो म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला. हिने फक्त विचारलं, मग होती का गार?

४ मे, संध्याकाळी, हॉटेल

खोली स्वच्छ दिसते. वाईट लक्षण. स्वच्छ दिसणाऱ्या खोल्यांनीच मला आजवर सगळ्यात जास्त फसवलंय.

टॉर्च काढला. एकदाच. पडदे ओढले आणि दोन्ही पोरांना जवळ घेतलं. रिमोट, उशी, दाराची मूठ, सगळं चमकायला लागलं! पोरं खूश. शेवटी बाथरूममध्ये नेऊन धाकटीला कमोड दाखवला. हे ठिपके म्हणजे जंतू, आपण बसलो की ते वर चढतात, असं तिच्या भाषेत समजावलं. डोळे मोठे करून ऐकत होती. इतकं मन लावून कुठल्या कँटीनच्या मॅनेजरनेही माझं ऐकलेलं नाही. मामाने शिकवलंय का पोरीला असं काही कधी?

ही काहीच बोलली नाही. म्हणजे तिलाही पटलेलं दिसतंय.

खोली आवरणाऱ्या बाईला बोलावून चादरी बदलून घेतल्या. तिने हसतमुखाने बदलल्या. ती गेल्यावर त्यावर आपल्या घातल्या. पहिला दिवस उत्तम.

५ मे, सकाळी

नाश्त्याला सगळे पदार्थ टेबलांवर उघडे मांडलेले. एकच पळी, आणि तिला किती लोकांचे हात! एक गृहस्थ पावाचा प्रत्येक तुकडा दाबून बघत होते, जसे काही आंबे विकत घेतायत.

सूपमध्ये थर्मामीटर घातला. सवयीने घातला, त्याला तपासणी म्हणत नाहीत. ऑम्लेटवाल्याने ते बघितलं आणि मला मोठ्या अदबीने स्वयंपाकघरात नेलं. त्याला वाटलं, मी सरकारी माणूस आहे. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही, उगाच कुणाचा हिरमोड कशाला? आत काय काय बघितलं ते लिहीत नाही. फडकं. एवढंच लिहितो. एकच फडकं, सगळ्याला.

बाहेर येऊन बघतो तर टेबल रिकामं. तिघंही खाऊन स्विमिंग पूलवर गेली होती. धावलो आणि अगदी पायऱ्यांवर पकडली. अनोळखी माणसांचा घाम एकत्र साठवून त्यात पोरांना बुचकळायचं, याला लोक सुट्टी म्हणतात! थोरला रडला. ट्यूब फुगवून झाली होती म्हणे. ही मला म्हणाली की तू तपासणी बंद केली होतीस ना? मी म्हणालो, ही तपासणी नाही, हे पितृप्रेम आहे.

५ मे, दुपारी

धाकटी सकाळपासून बाथरूमला गेलेली नाही. हॉटेलात नको म्हणाली. म्युझियममध्ये नको. जेवलो तिथेही नको. मॉलमधलं टॉयलेट आमच्या हॉलपेक्षा चकचकीत होतं, तरी दारातच किंचाळली, जंतू चढतील म्हणून. आजूबाजूच्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या. मी तिला सांगितलं, हे टॉयलेट चांगलं आहे. तर ती म्हणाली, बाबा, टॉर्च मारून दाखव. शिष्य म्हणून पोरगी पहिल्या नंबरची, पण वेळ चुकीची.

टॅक्सीत माझ्या मांडीवर बसली होती.

पुढचं लिहीत नाही. पँट पिशवीत बांधून ठेवली आहे.

टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेतली, सीट पुसली आणि वर हसला. मग खिशातून गोळी काढून धाकटीला दिली. कागद नसलेली! खिशातली!! मी झडप घालेपर्यंत ती तोंडात गेली होती.

हॉटेलात आल्यावर हिने हात पुढे करून टॉर्च मागितला. दिला. तिने माझ्यादेखत त्यातले सेल काढले, धाकटीला बाथरूममध्ये नेलं, बटण दाबलं आणि सांगितलं, बघ, एकही चमकत नाही, सगळे जंतू आपापल्या घरी गेले. आणि कार्टी बसली! विज्ञानाची एवढी थट्टा मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

संध्याकाळी मामाचा व्हिडिओ कॉल. धाकटीने टॅक्सीची हकीकत साभिनय सांगितली. मेव्हण्याला हसून हसून ठसका लागला. तोंडावर हात न घेता खोकत होता.

६ मे

आज नदीत बोटीची सैर. कालचं सगळं विसरून जायचं ठरवलं. सकाळी पोरांना शब्द दिला की बाबा आज कशालाही नावं ठेवणार नाही. दोघं माझा हात धरून निघाली. एकेका बाजूला एकेक. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. असं दोघांनी हात धरून कधी चालल्याचं आठवत नाही.

धक्क्यावर बोटवाल्याने लाइफ जॅकेटं दिली. मी फक्त वास घेतला. माझ्याआधी शेकडो माणसं त्या जॅकेटात घाबरून घामाघूम झाली असणार. दमट, आंबूस, आतून हिरवट. ओकारीच आली. बोटवाल्याला खुणेने म्हणालो, दुसरं दे. दुसरं त्याहून घाण. तिसऱ्याच्या खिशात कुणाचा तरी अर्धा केक. मागे रांग खोळंबलेली, लोक वैतागलेले. बोटवाला काहीतरी बोलला आणि रांगेतले सगळे हसले. मग आम्हाला बाजूला करून त्याने बाकीच्यांना घेतलं आणि बोट सोडली.

पोरांनी धक्क्यावर उभं राहून बोटीला टाटा केला. थोरला म्हणाला, मामा असता तर बसला असता. नावं नाही ठेवणार म्हणाला होतास बाबा, असंही म्हणाला. मी त्याला समजावलं की मी बोटीला नावं ठेवलीच नाहीत, जॅकेटला ठेवली. सात वर्षांच्या मुलाला अजून बारकावे कळत नाहीत.

माझे हात खिशात घालून परत आलो, कारण धरायला कुणी नव्हतं.

जेवायला ती तिघं रेस्टॉरंटमध्ये गेली. मी खोलीत अंडी खाल्ली. खोलीतला फ्रीज थर्मामीटरने नापास केल्यामुळे डबा टेबलावरच होता. आतल्या बर्फाचं पाणी झालंय, पण झाकण घट्ट. वास आला थोडा. अंड्याला अंड्याचा वास येणारच.

संकल्प: उद्यापासून नवी सुरुवात. ही ट्रिप अजून हातची गेलेली नाही.

७ मे

आडवा.

किती वेळा जाऊन आलो ते लिहीत नाही. बाथरूमच्या ज्या फरशीला मी पहिल्याच दिवशी नापास केलं, तिच्यावरच गाल टेकून पडलो होतो. गार होती. उठावंसं वाटेना.

कारण उघड आहे. टॅक्सीवाला. किंवा पूलचे शिंतोडे. किंवा मॉलच्या दाराची मूठ. हॉटेलचा डॉक्टर आला, काय खाल्लं विचारलं, अंड्यांचा डबा उघडला आणि लगेच बंद केला. मग माझ्या बायकोला काहीतरी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून हसली. अंडी मी स्वतः उकडली होती, त्यांच्यावर संशय घ्यायचं कारणच नाही. डॉक्टरने हात धुतल्याचं मला दिसलं नाही.

हिला म्हणालो, पोरांना घेऊन खोलीतच बस, बाहेर नेऊ नकोस. तिने पाणी, औषध, फोन माझ्याजवळ ठेवलं आणि पोरांना घेऊन बाहेर गेली.

७ मे, संध्याकाळी

आली. दुरूनच वास आला. क्लोरीन, नदी, तळण. सगळं केलं होतं त्यांनी! पूलमध्ये उतरली. बोटीत बसली, त्याच जॅकेटांत. रस्त्यावरच्या गाडीवर उभं राहून खाल्लं. थोरल्याने दुकानदाराकडचा बर्फ चोखला. धाकटीने वेगवेगळ्या टॉयलेटांत जाऊन आल्याचं मला अभिमानाने सांगितलं, कुठल्याचा फ्लश मोठ्याने वाजतो तेसुद्धा. दोघांचे चेहरे उन्हाने लाल, केस विस्कटलेले, कपड्यांवर कसले कसले डाग. किळसवाणी दिसत होती पोरं. आणि हसत होती. अशी हसताना मी त्यांना फक्त मामाबरोबरच्या फोटोंत पाहिलंय.

उद्या तिघंही आडवी होणार. औषधं काढून ठेवली. माझ्यावाचून कुणाचं चालत नाही ते उद्या कळेल.

आत्ता बाथरूममध्ये होतो तेव्हा दारातून ऐकू आलं. थोरला आईला हळूच विचारत होता, बाबा उद्या पण आजारी असेल का? दाखवत नाही, पण पोराला किती काळजी आहे! उद्या काहीही करून उठायचं. शेवटचा दिवस आहे, पोरांना बाबाची उणीव भासू द्यायची नाही.

८ मे, सकाळी

कुणालाही काहीही झालेलं नाही. ठणठणीत आहेत तिघंही. नाश्त्याला दोनदा वाढून घेतलं म्हणे.

मीही ठणठणीत. पलंगावरून उडी मारून उठलो, दोन्ही हात वर करून जाहीर केलं की बाबा बरा झाला, आज दिवसभर तुमच्याबरोबर!

थोरला बूट घालत होता. एक पायात, एक हातात. तो थांबला. बरं, म्हणाला. शाळेच्या बाई वही काढा म्हणाल्यावर म्हणतो, तसं. ट्यूबमधली हवा सोडायला लागला. धाकटी जवळ आली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि आशेने विचारलं, थोडं तरी दुखतंय ना बाबा?

मी हिच्याकडे बघितलं. ही चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

कालचं थोरल्याचं वाक्य मला तेव्हा कुठे नीट ऐकू आलं.

पलंगावर परत बसलो. पोट धरलं. म्हणालो, आई गं, पुन्हा कळ आली वाटतं, तुम्ही जा, मी पडतो जरा. थोरल्याने ट्यूबचं बूच लगेच दाबलं. धाकटीने माझ्या गालाचा पापा घेतला, ओला, नाकाच्या पाण्यासकट. पुसला नाही.

पोरं बाहेर पळाली. ही दारात थांबली, परत आली, माझ्या कपाळाला हात लावून बघितला. काही नाही हे तिला कळलंच असणार. पाण्याची बाटली जवळ सरकवली आणि दार हळूच ओढून घेतलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघं लिफ्टपर्यंत धावत सुटली होती. धावू नका, पडाल, असं ओरडणार होतो. पण आजारी माणूस एवढ्या मोठ्याने ओरडत नाही.