शुभांगीविरुद्धची सही

मंगळवार, संध्याकाळ. वर्तकनगर.

घरी येऊन तासभर झाला, अजून कपडेही बदललेले नाहीत. डोळ्यांसमोर सारखा शुभांगीचा वर केलेला हात येतोय.

गेल्या आठवड्यात सरांनी आमच्या टीमला बसवून विचारलं, "काही तक्रार असेल तर मोकळेपणाने बोला." हात तिने एकटीनेच वर केला. "सर, रविवारी तरी कामाचे मेसेज नकोत," एवढंच म्हणाली. सर हसले. मग आम्हीही हसलो. मी का हसले?

आज सरांनी मला केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला कागद पुढे सरकवला. शुभांगी टीमचं वातावरण बिघडवते, असं त्यात होतं. "मॅडम, तुम्ही सीनियर आहात. सही करा, फॉर्मॅलिटी आहे."

मला पुन्हा तो हात आठवला. "सर, ती खरं तेच बोललेली," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की माझीच मला लाज वाटली. पण सही नाही केली.

सरांनी कागद मागे घेतला आणि आमच्याच टीममधल्या सावंतांना बोलावलं. सावंतांनी न वाचताच सही केली.

सुटताना शुभांगी लिफ्टपाशी भेटली. "ताई, माझ्याविरुद्ध सहीचा कागद आहे म्हणे, उद्यापासून येऊ नको म्हणालेत." मग थांबून, "तुम्ही सही नाही केलीत ना?"

"नाही गं."

"बरं झालं. नाहीतर इथे आपलं कुणीच नव्हतं असं वाटलं असतं."

मी तिचा हात धरला. उद्यापासून मला तसंच वाटणार आहे.