पाळण्याचं वर्षासन

३ जून, शुगर लँड
पोहोचलो एकदाच्या! अमेरिकेच्या त्या टोकाचं वेस्ट विंडसर सोडून या टोकाला आम्ही दोघीच आलोय, मी आणि माझी पाच वर्षांची सिया. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर काय ती दमट हवा, चष्म्यावर वाफच धरली! पण घर झकास आहे आणि नोकरी त्याहून मजेशीर. आडिवळे संस्थानच्या जमिनींचा वसूल बघायचा. राजे केव्हाच गेले, पण जमिनी ट्रस्टच्या नावावर आहेत, आणि वारस अनयराजे इथे ऑइल कंपनीत इंजिनिअर! पूर्वजांनी कोणाकोणाला वंशपरंपरा वर्षासनं लावून दिलीत. हत्ती मेला त्याला जमाना झाला, तरी माहुताच्या खापरपणतवाला दरवर्षी पैसे जातात. ती सगळी एकरकमी देऊन बंद करायची, हे माझं काम.

११ जून
एक वर्षासन चक्क इथेच, दोन स्ट्रीट सोडून निघालं. नंदाकाकू, रिटायर्ड डॉक्टर. राणीसाहेबांची तान्ही मुलगी तापात गेली, तेव्हापासून तिचा रिकामा पाळणा रोज दिवेलागणीला हलवायचा, हे काकूंच्या सासरचं काम; म्हणून पाळणाही सोबत इकडे आणलेला. मी म्हटलं, अहो काकू, आपल्याकडे रिकामा पाळणा हलवू देत नाहीत! त्या म्हणाल्या, रिकामा कुठे आहे. मग एवढंच विचारलं, की सही केली तर त्यांचा मुलगा वेद यातून सुटेल ना? मी म्हटलं, कायमचा. सही करताना काकू रडल्याच. मला वाटलं, पैशांच्या आनंदाने. पाळणा संस्थानची मालमत्ता, म्हणून गाडीत घालून घरी आणला. पुण्याला ट्रस्टच्या ऑफिसला कुरिअर करायचाय.

१४ जून
सिया पाळण्यात बाहुली निजवते. पण साडेआठला, अंधारून आल्यावर, तिला फणफणून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल. सिया म्हणते, "मॉम, शी इज क्रायिंग." बाहुली का ग, म्हटलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

१६ जून
ताप रोज दिवे लावायच्या वेळेलाच. आज जाता-येता माझा धक्का लागून पाळणा हलला, आणि तिकडे सियाला दरदरून घाम सुटला. ताप उतरला. पाळणा जड लागला होता. बाहुली तर सियाच्या कुशीत होती.

१७ जून
पाळणा परत घेऊन गेले. काकूंनी दोरी ओढली. जागचा हलेना. आता माझा हक्क उरला नाही ग, म्हणाल्या. वेद लहान असताना एकदा पाळणा हलवायचा चुकला, तेव्हा पोर जाता जाता वाचलं. आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी ओरडले. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू सही घेतली असतीस का? मलाही एकच मूल आहे. मग माझे हात धरून हमसून हमसून रडल्या. त्यांचा रागही धरवत नाही मला.

१९ जून
अनयराजेंना फोन केला. ते हसले. एवढंच ना, वर्षासन तुमच्या नावावर करून टाकू, म्हणाले. वंशपरंपरा. मी नको म्हणून किंचाळलेच.

२३ जून
पाळणा कचऱ्याच्या ट्रकमध्ये दिला. तापाने सियाने डोळे पांढरे केले. ट्रकमागे धावले. रडत, हातापाया पडत— परत आणला.

२६ जून
रोज हलवते. पाळण्यातली ती बिचारी कोणाचं वाईट करत नाही. हलवलं नाही की तापाने तळमळते, आणि तो ताप जवळच्या लेकराला चढतो. तिच्या आईने झुलवायला ठेवलेलं माणूस मी पैसे देऊन काढलं. मग तिने जावं तरी कुठे?

२८ जून
सियाला या खोलीत येऊ द्यायचं नाही. तिने दोरीला हात लावायचा नाही. मी आहे तोवर मी. माझ्यानंतर— नाही. सिया नाही. सिया नाही.

३० जून
एका हाताने दोरी, एका हाताने लिहितेय. हात भरून आलाय. दार लावलं होतं, तरी सिया आत—

मराठीत बोलतेय. कधी बोलत नाही. म्हणते, आई, तू दमलीस, दे इकडे. दोरी तिच्या हातात— किती हलका चालतोय पाळणा, माझ्या हाताने कधी— आतलं रडू थांबलं— सिया, सोड ग बाळा, सोड ती, तू नको—