सूर्यभानच्या हातचं पाणी

अकोला, ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १७८६

चिरंजीव सूर्यभान यास थोरला भाऊ सहदेव याचे आशीर्वाद. आम्ही सगळे हिंडते-फिरते आहोत, आजकाल अकोल्यात एवढं वर्तमान पुष्कळ झालं. तुमचं अमरावतीचं कळव.

पटकीची साथ ओसरत आली. आमच्या गल्लीत चार दिवस कोणी दगावलं नाही.

तुझी गोष्ट इथे सगळे सांगतात. कापसाच्या तेजीत तू बसायची दमणी गाडी घेतलीस, बैलांच्या शिंगांना चांदी लावलीस. बरं वाटलं. फार बरं वाटलं, असं लिहिणार होतो, पण तितकं वाटलं नाही.

साथ भरात होती तेव्हा तू लिहिलंस, दारात उभं राहून तिरड्या पाहू नका, वेळेवर जेवा, हाती काम ठेवा. वाचून डोकं तापलं. अमरावतीत बसून शहाणपण सोपं असतं. तुझी वहिनी मैनाबाई मात्र म्हणाली की सांगणारा कोणी का असेना, सांगणं बरोबर आहे. मग मी दारातून उठलो आणि गोठ्याची भिंत बांधायला घेतली. भीती गेली नाही, पण रात्री झोप लागू लागली. तुझ्या सांगण्याने लागली, याचा राग आला.

तशात बाबांना लागण झाली.

येऊ नकोस, असं मीच कळवलं होतं. तू ऐकलंस.

त्यांचं सगळं मीच केलं. धोतरं धुतली, अंग पुसलं. पण पाणी घ्यायचे नाहीत. माझा हात तोंडाशी गेला की दात आवळायचे आणि तुझं नाव घ्यायचे. दुसऱ्या दिवशी डोळे पार खोल गेले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूर्या, आला का?"

मैनाबाईने माझ्याकडे पाहिलं.

"हो बाबा, आलो," मी म्हणालो.

"मंग दे पानी. तुया हातचं घेतो."

घेतलं. पळी-पळीने दिवसभर घेतलं. मी परसात जाऊन रडलो, ते वाचतील या आनंदाने नाही. मैनाबाई मागून आली. म्हणाली, "त्याइले कोनाचंबी नाव घेऊ द्या. पानी पोटात गेलं ना?"

गेलं. आता ते भाकर खातात, अंगणात बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, एवढ्या मरीत माझा सूर्या धावत आला. माझ्यासमोर सांगतात. मी मान हलवतो. दर वेळी आत काहीतरी जळतं, आणि दर वेळी त्यांचा आवाज कालच्यापेक्षा खणखणीत असतो, तो ऐकून मी तिथून उठत नाही.

आता ये. रस्ता मोकळा आहे. तू आल्या-आल्या बाबा त्या दिवसाचं काढतील. तू हो म्हण. नाही म्हणून मला मोठेपणा देऊ नकोस, तो मला सोसायचा नाही.

फक्त रात्री त्यांना पाणी तू दे. एकदा तरी खरोखर दे.

तुझ्यावर रागावलेला आणि तुझी वाट पाहणारा,
सहदेव