मठाला एकांत हवा

आल्डिथ बाळ, थोरल्या दादाचा तुला आशीर्वाद.

मी मठात धड पोचलो. इथले साधू पोटभर वाटाण्याची पेज वाढतात, तेव्हा उगाच रडत बसू नकोस. गुडघा शेकतेस ना?

आपल्या एल्मरबी गावाचं बोललो. सरदारांनी गाव मठाला दान दिलंय, ते खरंच आहे. मी म्हटलं, मालक बदलला तर बदलला, आम्ही तुमची जमीन कसू. तर कारभारी साधू म्हणतो, "आजोबा, वस्तीपासून लांब राहायचं, हा आमचा नेमच आहे."

"मग राहा की लांब! कोण अडवतंय?"

"जमीन तिथलीच मिळाली ना. म्हणून वस्तीनंच लांब जायचं."

वर हसला आणि मला आणखी पेज वाढली. आता भांडायचं कोणाशी? त्यानं शिवी दिली असती तर मीही हासडली असती.

गावात मेंढ्या चरणार. घरं हिवाळ्याआधी मोडायची आहेत. यंदा छपरावर नवं गवत घालू नकोस. वासे आपल्याला नेता येतील, ते मी विचारून घेतलं. कुठे न्यायचे ते त्याला ठाऊक नाही, मलाही नाही. शेजारच्या ऑस्बर्नला एवढ्यात सांगू नकोस, तो गाव डोक्यावर घेईल.

शेवटी आईबापाच्या थडग्यांचं विचारलं. म्हणाला, "राहू देत की. मेलेल्यांचा आम्हाला त्रास नाही."

म्हणजे आपल्या घरची दोघं तरी गावात राहतील.

कोंबड्या लवकर कोंडत जा.

तुझा दादा,
थर्स्टन