कमानीखालच्या बाकावर

मंगळवार, संध्याकाळ. व्हिएन्टिन, लाओस.

आज चुकलंच माझं. विजयकमानीच्या पायऱ्या माझ्या बायकोच्या, सुमनच्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून तिला खाली बाकावर बसवून मी एकटाच वर गेलो. शहर बघितलं, फोटो काढले. खाली आलो तर ती एका तिथल्या म्हातारीशी हातवारे करत बोलत होती, आणि म्हातारी तिच्या मनगटाला तिकडं आशीर्वाद म्हणून बांधतात तो पांढरा दोरा बांधत होती. मी ओरडलो, "ऊठ, सहलीची बस सुटंल!" फौजेतली सवय, दुसरं काय. दोऱ्याची गाठ अर्धीच राहिली. बस मात्र अर्धा तास हलली नाही. सुमन तो सुटा दोरा धरून बसली होती.

हॉटेलवर विचारलं, "भाषा येत न्हाई, एवढं काय बोलत हुतीस?"

"आपल्या मनीचं सांगत हुते. हातानं दाखवलं, एवढी हुती म्हणून. तिला समजलं."

मनी गेली तेव्हा मी सीमेवर होतो. पाटणला घरी पोचलो तर सगळं उरकलेलं. सुमननं माझ्यापाशी लेकीचं नाव परत कधी काढलं नाही. की मीच काढू दिलं नाही?

म्हटलं, "मलाबी सांग की."

ती उठली. "आवं, खाली जेवायला बोलावलंय. चला, उशीर हुईल."